मंजूर, मंजूर!

युद्धपटाचं परीक्षण हाती घेतलं, की संपादकाला स्टार किती ते हवं असतं आणि वाचकाला लिहिणारा कुणाचा ते. बारामती-इंदापूर पट्ट्यात राहून सिनेमावर लिहायचं, तर हा दुसरा प्रश्न टळत नाही. इथं विकास सोसायटीपासून लोकसभेपर्यंत प्रत्येक निवडणुकीत माणूस कुठल्या ना कुठल्या पॅनेलमध्ये धरलेला असतो. ‘छायाचित्रण उत्तम, पण’ एवढं लिहिलं, की ‘पण’च्या पुढचं वाचायच्या आधीच माझं पॅनेल ठरून जातं.

तरीही राजकीय युद्धपटावर लिहायला मला आवडतं. विनोदी सिनेमा फसला तर प्रेक्षक हसत नाही, विषय तिथंच मिटतो. युद्धपट फसला तरी लिहिणं सोपं जातं. अडचण होते ती तो उत्तम जमतो तेव्हा. अंगावर काटा येतो आणि त्याच वेळी डोकं विचारत असतं, हा काटा नक्की कशाने आला? या दोन्ही गोष्टी एकाच लेखात, एकीने दुसरीचा गळा न दाबता लिहिता येणं हीच या कामाची परीक्षा. माझ्यापुरती ती सर्वांत कठीण घेतली ‘उरी : द सर्जिकल स्ट्राइक’ने.

११ जानेवारी २०१९ ला तो प्रदर्शित झाला तेव्हा आमच्याकडे उसाचा हंगाम भरात होता. बारामतीच्या थिएटरात पुढच्या रांगा पोरांनी भरलेल्या. त्यातली कितीतरी भरतीची तयारी करणारी. पहाटे कालव्याच्या कडेने सोळाशे मीटरचा सराव करणारी, छाती-उंचीचे आकडे पाठ असणारी. पडद्यावर मेजर विहान शेरगिल आपल्या तुकडीला ‘हाऊज द जोश?’ विचारतो, तेव्हा उत्तर पडद्याआधी या रांगांमधून आलं. पहिल्या खेळाला मी वही नेत नाही. त्या वेळी आपणही प्रेक्षकच असावं, शिट्टी वाजली तर ती कुठं वाजली एवढंच लक्षात ठेवावं. वही दुसऱ्या वेळी. आणि दुसऱ्या वेळी मी निम्मा सिनेमा कानांनी पाहतो.

कानांनी पाहिलं की बरंच उलगडतं. शाश्वत सचदेव यांचं पार्श्वसंगीत प्रसंगाच्या मागून येत नाही, पुष्कळदा त्याच्या पुढे चालतं. काय घडणार हे कळायच्या आधी आपल्याला काय वाटायला हवं ते ठरलेलं असतं. ढोलासारखा खोल ठेका छातीत उतरतो आणि मग एकदम शांतता; बुटांखालची खडी, श्वास, बंदुकीची कळ. बिश्वदीप चॅटर्जी यांच्या ध्वनिरचनेतली ही शांतता मला त्या ठेक्याहून मोठी करामत वाटते. पुढे ६६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या दोघांना आणि दिग्दर्शक आदित्य धर, अभिनेता विकी कौशल यांना पारितोषिकं मिळाली, ती उगाच नव्हती. धर यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला सिनेमा. चित्रीकरणाचा बराच भाग सर्बियातला, तरी मितेश मीरचंदानी यांच्या कॅमेऱ्यामुळे डोंगर परके वाटत नाहीत. राजकारण पटलं नाही म्हणून असल्या कारागिरीचं श्रेय हातचं राखणारा परीक्षक मला अप्रामाणिक वाटतो.

पण श्रेय मोजून झालं की कात्रीकडे वळावं लागतं. सिनेमात काय दाखवलं हे कुणीही सांगेल. काय कापलं हे सांगणं परीक्षकाचं काम. १८ सप्टेंबर २०१६ च्या पहाटे काश्मीरमधल्या उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला तेव्हा तिथं पलटणींची अदलाबदल चालू होती. १९ जवान गेले, त्यातले बरेच तंबूंना लागलेल्या आगीत. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातही त्यातली एक शवपेटी आली. सिनेमात तळावरच्या मरणाला नायकाच्या मेहुण्याचा चेहरा मिळतो. तो लढता लढता पडतो, आणि त्याच्या अंत्यसंस्कारात त्याची लहानगी पलटणीची रणघोषणा देते. तसा प्रसंग देशाने टीव्हीवर खरोखर पाहिला होता, पण तो जानेवारी २०१५ चा. काश्मीरमध्ये धारातीर्थी पडलेल्या एका कर्नलच्या मुलीने ती घोषणा दिली होती. सिनेमाने ते अश्रू उचलून दीड वर्षाहून जास्त पुढे आणले. दिग्दर्शकाला ती मुभा आहेच. मात्र प्रेक्षक थिएटरातून ‘असंच झालं होतं’ म्हणत बाहेर पडणार असेल, तर दोन तारखा शेजारी शेजारी मांडण्याची मुभा मलाही आहे. आगीत झोपेत गेलेला जवान कथेला अडचणीचा असतो, कारण तो प्रश्न विचारायला लावतो. तंबू तसे का होते? पहारा कुठं होता? लढता लढता गेलेला जवान फक्त सूड मागतो.

हल्ला आणि २९ सप्टेंबरची ताबारेषेपलीकडची कारवाई यांच्यात अकरा दिवस गेले. माझ्या मते अशा सिनेमाचं खरं राजकारण या अकरा दिवसांत असतं. घोषणांत नसतं, झेंड्यात नसतं. निर्णय कसा होतो ते तो कसं दाखवतो, हे पाहावं. ‘उरी’त दिल्लीच्या बंद खोलीत चार-सहा माणसं बसतात. परेश रावल सुरक्षा सल्लागार, रजित कपूर पंतप्रधान. याच रजित कपूरनी श्याम बेनेगलांच्या ‘द मेकिंग ऑफ द महात्मा’त गांधी उभा केला होता, आणि रावल ‘उरी’च्या वेळी सत्ताधारी पक्षाचे खासदारही होते. सल्लागार दोन वाक्यांत मार्ग सुचवतो, एखादी शंका निघते न निघते तोच विरते, पंतप्रधान मान हलवतात. विरोधी पक्ष नावाची वस्तू या देशात असते, याचा पडद्यावर मागमूस नाही. प्रत्यक्षात २९ तारखेलाच सर्वपक्षीय बैठक झाली, विरोधकांना माहिती दिली गेली आणि त्यांनी लष्कराच्या पाठीशी उभं राहत असल्याचं सांगितलं. देशाच्या एकजुटीचा एवढा आयता प्रसंग सिनेमाला नको झाला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटली. कारण एकजूट दाखवायची तर आधी मतभेद असू शकतात हे मान्य करावं लागतं.

हे मुद्दे माझ्या वाचकांना समजावताना मला पुस्तकी सिद्धांत लागत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. यांपैकी एखाद्या साखर कारखान्याची वार्षिक सभा प्रत्येकाने पाहिलेली असते. विषय क्रमांक एक : मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. अध्यक्षांनी तोंड उघडलं की मांडवाच्या एका कोपऱ्यातून ‘मंजूर, मंजूर’ सुरू होतं. तो आवाज उत्स्फूर्त आहे की बसवलेला, हे आमच्याकडचा शाळकरी पोरगाही ओळखतो. आणि मागच्या रांगेतून कुणीतरी माईक मागतोच : उतारा शेजारच्या कारखान्यापेक्षा कमी का, तोडणी-वाहतुकीचा खर्च एवढा कसा? त्याला कुणी कारखान्याचा शत्रू म्हणत नाही. म्हटलं तरी टिकत नाही, कारण त्याचाही ऊस तिथंच जातो. इतक्या तयार कानाचा प्रेक्षक थिएटरात मात्र ‘मंजूर, मंजूर’ करत बसतो. पार्श्वसंगीत हे त्या कोपऱ्यातल्या आवाजाचंच काम करतं, हे त्याच्या लक्षात आणून दिलं की पुढचं तो स्वतः पाहतो. परीक्षणाकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो : इतिवृत्त मागावं.

आणि हे मागणं अवास्तव नाही, कारण ते देणारे सिनेमे झाले आहेत. नाना पाटेकरांच्या १९९१ च्या ‘प्रहार’मधला मेजर चव्हाण कमांडो घडवणारा कठोर माणूस, पण त्याची कसोटी सीमेवर लागत नाही. त्याने घडवलेला पोरगा मोहिमेत पाय गमावतो आणि नंतर आपल्याच वस्तीत, खंडणी नाकारल्यामुळे, गुंडांच्या हातून मरतो. लोक खिडक्या लावून घेतात. त्या सिनेमाचा शेवटही मला पूर्ण पटत नाही, पण तो प्रश्न आपल्याच दारात आणून टाकतो. १९६६ चा ‘द बॅटल ऑफ अल्जीअर्स’ तर याहून पुढे जातो. कॅफेत बॉम्ब ठेवला गेल्यावर दिग्दर्शक पोंतेकोर्वो काही क्षण तिथल्या गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवरून कॅमेरा फिरवतो. सहानुभूती अल्जीरियाच्या बंडाशी असूनही मरणाऱ्यांना तो वेळ देतो. २००३ मध्ये, इराकचा पेच वाढत असताना, पेंटागॉनने तो आपल्या अधिकाऱ्यांना मुद्दाम दाखवला. सैन्याला शिकायचं असतं तेव्हा सैन्यही प्रश्नांचा सिनेमा मागवतं.

‘उरी’चं पुढं काय झालं, हा माझ्या दृष्टीने त्याच्या परीक्षणाचाच भाग आहे. प्रदर्शनाला आठवडा होतो न होतो तोच, १९ जानेवारीला, मुंबईत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी चित्रपटवाल्यांना जोश विचारला. २७ तारखेला पणजीत मांडवीवरच्या पुलाच्या उद्घाटनाला आजारी मनोहर पर्रीकरांनी तोच प्रश्न केला. कारवाईच्या वेळचे संरक्षणमंत्री तेच. सिनेमात त्यांच्यावरून बेतलेली भूमिका आपल्या पुण्याच्या योगेश सोमणांनी केली होती. खरा माणूस पडद्यावरचं वाक्य बोलत होता. मग १४ फेब्रुवारीला पुलवामाचा हल्ला, २६ ला बालाकोटची हवाई कारवाई. २३ एप्रिलला बारामती मतदारसंघात मतदान झालं, आणि प्रचारात तो सवाल-जवाब कुणी केला नाही असा पक्ष शोधावा लागला असता. निवडणूक आयोगाने त्या काळात पंतप्रधानांवरचा चरित्रपट मतदान संपेपर्यंत थांबवला. ‘उरी’ला हात लावण्याचं कारणच नव्हतं, त्यात कुणा उमेदवाराचं नाव नाही, तो थरारपट. थरारपटाची ताकद तीच, आणि म्हणून तो पाहायला आयोगापेक्षा परीक्षकाची गरज जास्त.

त्या वर्षीच्या २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, राज्य सरकारने महाराष्ट्रातल्या सुमारे ५०० चित्रपटगृहांत ‘उरी’ तरुणांना मोफत दाखवला. वयाची अट होती १८ ते २५. म्हणजे नेमकी आमच्या कालव्यावर पळणारी पोरं. त्यातलाच एक, माझा लेख वाचून, चहाच्या टपरीवर मला विचारता झाला, “सर, मग पिक्चर बघायचाच नव्हता का?” मी म्हटलं, दोनदा बघ. पहिल्यांदा जोशात बघ, तो जोश खोटा नाही, तुझ्या पायांत तो आहेच. दुसऱ्यांदा मिटिंगचा प्रसंग आला की कान टवकार. तो हसला. “म्हणजे आमच्या सोसायटीच्या मिटिंगसारखं.” मला काही समजवावं लागलं नाही.

स्टारचा रकाना संपादक भरतात, त्यावर माझा वाद नाही. मी लिहितो त्या पोरासाठी. त्याने भरती होऊ नये असं मला मुळीच वाटत नाही. पण ज्या निर्णयासाठी उद्या त्याला पाठवलं जाईल, तो निर्णय पडद्यावरच्यासारखा दोन वाक्यांत होत नसतो आणि होताही कामा नये, हे त्याला गणवेश चढवण्याआधी ठाऊक असावं. माईक मागण्याचा हक्क सर्वांत आधी त्याचाच आहे.