अजामिळाची पुढची गोष्ट

माउली, चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो. आता गळा साथ देत नाही, म्हणून कीर्तन थांबले. घरी बसल्यावर एक जुनी गोष्ट वारंवार पुढे येऊ लागली. ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

पंचवीसेक वर्षे झाली. एका खेड्यात वर्षश्राद्धाचे कीर्तन होते. घरचा कर्ता पुरुष गेलेला. मागे बाई आणि शाळेत जाणारा मुलगा. मी त्या रात्री तुकोबारायांचे चरित्र सांगितले. सावकारीची कर्जखते भावाभावांत वाटली आणि महाराजांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, तो प्रसंग. बायाबापड्या डोळ्यांना पदर लावत होत्या. कीर्तन संपले, नारळ आणि पाकीट हातात आले. पाकीट उघडून मी मुलाच्या चुलत्याला म्हणालो, "ठरल्यापेक्षा कमी आहे." तो आत गेला आणि बऱ्याच वेळाने उरलेले पैसे घेऊन आला. परतताना आमचे मृदंगाचार्य हळूच म्हणाले, "बुवा, शेजारून उसने आणले त्यांनी."

चटका बसला, नाही असे नाही. पण मनानेच समजूत घातली : एवढे नाम घेतोस, तिथे एवढ्याशा गोष्टीचे काय! दुसऱ्या दिवशी एकादशी होती. उपवास केला, हरिपाठ म्हटला आणि रात्री गाढ झोपलो.

पैसे मागितले हे पाप खरेच. कीर्तनाचा मोबदला घेऊ नये, ही तुकोबांची शिकवण मला पाठ होती. पण त्याहून मोठे पाप ती गाढ झोप. चूक घडली की जीव तळमळतो, तोवर सुधारण्याची आशा असते. तळमळच थांबली, की माळ गळ्यात राहते आणि माणूस वाहून जातो. नामाच्या बळावर पाप करणे हा शास्त्राने नामापराधच मानला आहे. दुसऱ्याला रडवता आले म्हणजे आपण निर्मळ झालो, असे आम्हा कीर्तनकारांना फार लवकर वाटते.

भागवताच्या सहाव्या स्कंधाच्या आरंभी परीक्षिती हीच शंका काढतो. हत्ती अंघोळ करतो आणि बाहेर येऊन पुन्हा अंगावर धूळ उडवतो. मग अशा प्रायश्चित्ताचा उपयोग काय? त्यापुढेच अजामिळाची कथा येते. मरणकाळी त्याने मुलाला 'नारायण' म्हणून हाक मारली आणि विष्णुदूतांनी त्याला यमदूतांच्या फासातून सोडवले. आम्ही इथेच टाळांचा गजर करतो आणि कथा संपवतो. मीही कितीदा अशीच संपवली.

पण भागवतात ती संपत नाही. सुटलेला अजामिळ पुन्हा जुन्या संसारात रमला नाही. आपण काय काय केले ते आठवून तो पश्चात्तापाने पोळला. सगळे सोडून गंगाद्वारी गेला, इंद्रिये आवरली, मन भगवंताकडे लावले. मग तेच विष्णुदूत पुन्हा आले आणि तो वैकुंठाला गेला. नामाने त्याला सोडवले ते पापाची मुभा देण्यासाठी नव्हे, नव्याने जगण्यासाठी.

ही पुढची गोष्ट मला सत्तरी उलटल्यावर कळली. गेल्या कार्तिकीनंतर पैसे घेऊन त्या गावी गेलो. मुलगा आता बापमाणूस झालेला. तो म्हणाला, "महाराज, ते केव्हाच फिटलं. आता कशाला?" आतून त्याची आई म्हणाली, "फिटलं, पण दोन सुग्या गेल्या त्यात." बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. मी तिच्या पाया पडलो. तिने पैसे घेतले, मोजले, आणि चहा टाकला.

तेव्हापासून हरिपाठ झाला की लगेच उठत नाही. आज कोणाचे काय घेतले, कोणाचे मन दुखवले, ते आठवतो. फेडण्यासारखे असेल ते दुसऱ्या दिवशी फेडतो. काही वेळा लाज वाटते, वाटू द्यावी.

माउली, चंद्रभागेत बुडी जरूर मारा. पण ओल्या अंगाने वर येताना, आपल्याला कोणाच्या दारी जायचे राहिले आहे, तेवढे आठवा. पांडुरंग विटेवर उभा आहेच. त्या दारी जाऊन आलात तरी तो वाट पाहील.

रामकृष्णहरी.