अम्मी आणि आमची स्विफ्ट

गाडी घ्यायची हे ठरलं, पण कोणती घ्यायची यावर आमच्या घरात एक अख्खा रमजान गेला. ही 2018 सालची गोष्ट. मी लोहा तालुक्यातल्या एका शाळेवर उर्दू आणि मराठी शिकवतो. राहायला नांदेडला, देगलूर नाक्याच्या बाजूला. रोजचं जाणं-येणं साठ-सत्तर किलोमीटर. बारा वर्षं एसटी आणि काळी-पिवळीत उभं राहून काढली. त्यात मोठी लेक पुढच्या वर्षी अकरावीला लातूरला जाणार होती. डॉक्टर व्हायचं मनात असलेली आमच्याकडची मुलं लातूरलाच जातात, हे तुम्हाला सांगायला नको. नांदेडहून लातूरला रेल्वेने जायचं तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा मोठा फेरा पडतो. म्हणजे रस्त्यानेच जायचं.

पैशांचा प्रश्न लवकर मिटला. व्याजाचं कर्ज अब्बांनी आयुष्यात काढलं नव्हतं, मलाही काढायचं नव्हतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वेड्यात काढलं. गावाकडचा एक लहान प्लॉट विकला, बीसी उचलली, थोडी शिल्लक होती. रोख सहा-साडेसहा लाखांत बसेल ती गाडी.

बेगमचं आणि साडूभाईंचं मत वॅगनआरच्या बाजूने होतं. उंच गाडी, सरळ आत शिरता येतं, अम्मीचे गुडघे दुखतात, तिला बरं पडेल. त्यात खोट काढायला काही जागाच नव्हती. मी मात्र स्विफ्टचा हट्ट धरला. मायलेज सांगितलं, सर्व्हिसिंग सांगितलं, पुढे विकताना मिळणारी किंमत सांगितली. खरं कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. स्विफ्ट भारतात आली 2005 च्या मे महिन्यात. मी तेव्हा नुकताच बी.एड. होऊन नोकरीसाठी वणवण करत होतो. वजिराबादच्या चौकात एक लाल स्विफ्ट सिग्नलला उभी होती. हिरवा दिवा लागला आणि ती अशी निघाली की मी सायकलवर एक पाय टेकून बघतच राहिलो. तेरा वर्षं ती गाडी डोक्यातून गेली नव्हती.

ईदनंतर गाडी दारात आली. लालच.

सुखाचं सांगतो आधी. नव्या स्विफ्टचं वजन नऊशे किलोच्याही आत. 1197 सीसीचं इंजिन, 83 पीएस. कागदावर हे आकडे काही फार मोठे नाहीत, पण गाडी हलकी असल्यामुळे ते पायाला लगेच जाणवतात. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना ती जशी पुढे झेप घेते, वळणावर जशी रस्त्याला धरून राहते, ते सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर अनुभवायला मिळालं की शाळेचा दिवस बरा जायचा. गर्दीत वळवायला सोपी, इतवाऱ्याच्या बोळातसुद्धा जाते. पेट्रोलही बेतानं पिते. चाळिशीतल्या मास्तराला याहून काय हवं?

आता दुसरी बाजू. गाडी जमिनीपासून 163 मिलिमीटर वर. दोन माणसं असली तर चालून जातं. पण पाच जण आणि डिक्कीत ज्वारीचं पोतं असेल, तर गावोगावच्या गतिरोधकांवर पोट घासल्याशिवाय राहत नाही. डिक्की 268 लिटरची. लेकीची पेटी, गादी, लोणच्याची बरणी, सगळं एकदम कधीच मावलं नाही. गादी मांडीवर घेऊन जावं लागलं. टायर-सस्पेन्शन कडक असल्यामुळे खड्डा थेट कमरेत येतो. मागे खिडक्या लहान, बसलं की आत अंधार. आणि मागच्या दाराचं हँडल दारावर नाहीच, वर खिडकीशेजारच्या काळ्या खांबात लपवलेलं. दिसायला दोन दारांची गाडी वाटावी म्हणून म्हणे ही युक्ती! आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा दार चाचपत उभा राहतो. नंतर 2024 च्या स्विफ्टला ते हँडल परत दारावर आणलं, तेव्हा मला हसू आलं.

अम्मी पहिल्या दिवशी आत बसली, म्हणजे आधी वाकली, मग एक हात छताला लावला, मग धपकन् खाली. म्हणाली, "बेटा, ये गाडी में बैठना है की बावडी में उतरना है?" सगळे हसले. मीही हसलो. खरं तर तेव्हाच काहीतरी टोचलं होतं, पण गाडी नवी होती.

जानेवारी 2020. लेकीला भेटून लातूरहून परत येत होतो. बेगम पुढे, मागे अम्मी आणि धाकटा. मगरिब होऊन गेली होती. महामार्गाचं चौपदरीकरण चालू होतं, कुठे एकच पट्टी सुरू, कुठे वळणरस्ता, आणि सगळीकडे धूळ. त्यात उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर दुप्पट ऊस, मागे ना दिवा ना लाल पट्टी. अहमदपूर सोडल्यापासून अशा चार ट्रॉल्या ओलांडल्या होत्या. माळाकोळीच्या अलीकडे पाचवी आली. समोर लांब दोन दिवे दिसत होते. मला वाटलं, निघून जाईल. तिसऱ्यात टाकली आणि बाहेर काढली.

दोन ट्रॉल्या किती लांब असतात हे बाजूने जाताना कळतं. समोरचा ट्रक मला वाटला त्यापेक्षा खूप जवळ होता. पाय पूर्ण दाबला. गाडीने झेप घेतली आणि ट्रॅक्टरच्या पुढे शिरलो, तोच ट्रक हॉर्न वाजवत अंगाला घासल्यासारखा गेला. गाडीत कुणी बोललं नाही. अम्मीची तसबीह हातातून खाली पडलेली, ती धाकट्याने उचलून दिली.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला आजही लाज वाटते. वाटलं, बघा, दुसरी गाडी असती तर निघाली नसती. दुसरी गाडी असती तर मी निघायचा विचारच केला नसता, हे पुढच्या दहा मिनिटांत कळलं.

लोह्याच्या स्टँडसमोर अम्मी म्हणाली, "गाडी रोक." उतरली. नांदेडची एसटी लागलेली होती. "मैं इससे आती." बेगमने माझ्याकडे बघितलं आणि तीही उतरली. धाकटा पळत त्यांच्यामागे गेला. अम्मीने आधार कार्ड दाखवून अर्धं तिकीट काढलं. मी तीस किलोमीटर त्या एसटीच्या मागे रिकामी स्विफ्ट चालवत आलो. एसटी थांबली की थांबायचो. मागच्या काचेतून धाकटा अधूनमधून हात हलवत होता.

घरी अम्मी एक शब्दही बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. त्या रात्री मोबाईलवर बसून वाचत राहिलो. गाडी घेताना मी पीएस, मायलेज, रंग सगळं पाहिलं होतं. नंतर 2018 मध्येच ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत हिला पाचपैकी दोन तारे मिळाले होते, ते मात्र कधी पाहिलं नव्हतं. ज्या हलकेपणाचं मी कौतुक करत होतो, त्या हलकेपणातच माझं सगळं घर बसलेलं होतं. मागच्या सीटचे पट्टे तर आम्ही नव्या गाडीच्या प्लास्टिकसकट सीटखाली सारून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ते बाहेर काढले.

नंतर मार्चमध्ये लॉकडाऊनच्या तोंडावर लेकीला आणायला मी एकटाच गेलो. वर्षभर गाडी दारातच उभी राहिली. विकून वॅगनआर घेऊ, असं मी दोनदा म्हणालो. अम्मीच नको म्हणाली. "गाडी का क्या कसूर?" एवढंच.

हळूहळू ती परत बसायला लागली. आता पुढे बसते, सीट पूर्ण मागे घेतलेली. खाली फोमची जाड गादी शिवून घेतली आहे, त्यामुळे बावडी थोडी वर आली. पायाशी प्लास्टिकचा लहान स्टूल असतो, उतरायला. तिची अट एकच: काटा सत्तरच्या पुढे नाही. काटा तिला वाचता येत नाही, पण डायलवर सत्तर कुठे आहे ते नातीने दाखवून ठेवलंय. तिचं लक्ष रस्त्यापेक्षा तिथेच.

मागच्या हिवाळ्यात खालाकडे लातूरला निघालो होतो. रस्ता आता चौपदरी झाला. माळाकोळीच्या पुढे नेहमीसारखी उसाची ट्रॉली. मी सवयीने तिच्या मागे लागलो, वीसच्या वेगाने. शेजारची पट्टी मोकळी होती, समोरून कुणी यायचा प्रश्नच नव्हता, तरी माझा हात इंडिकेटरकडे जाईना. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मागून लोक हॉर्न वाजवत निघून जात होते.

अम्मीने तसबीह थांबवली. उसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अरे, निकाल ना आगे. खाला खाना लगा के बैठी है."