खडकीच्या हिरवळीवर

मृतांच्या महिन्यात आमच्या वेदीजवळ एक लहानशी लाकडी पेटी ठेवलेली असते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरोघरची मंडळी आपापल्या गतात्म्यांची नावे चिठ्ठीवर लिहून तीत टाकतात, आणि महिनाभर मिस्साबलिदानात त्या सर्वांची आठवण केली जाते. गेल्या वर्षी एका सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध हवालदार त्या पेटीपाशी बराच वेळ घुटमळताना दिसले. फौजेतून पेन्शन घेऊन आल्याला त्यांना चाळीसहून अधिक वर्षे झाली. आम्ही जवळ गेलो तशी त्यांनी चिठ्ठी पुढे केली. तीत आईवडिलांची नावे होती, पत्नीचे होते, आणि सर्वांत शेवटी सातारकडील एका मराठा शिपायाचे नाव होते.

"फादर, हा आपल्या धर्मातला नव्हे. टाकू का नको?"

"टाका," आम्ही म्हणालो. परंतु एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. नाव पेटीत पडले म्हणजे मिस्सा त्याच्यासाठीही खरोखर लागू होते काय, हे त्यांना हवे होते. आम्हांस त्याच आठवड्यात धर्मगुरूंच्या एका सभेसाठी पुण्यास जायचे होते. हवालदार म्हणाले, "मग मीही येतो. खडकी एकदा बघून घेतो. पुन्हा होईल न होईल."

बेळगावहून रात्रीची गाडी पुण्याच्या वाटेस लागली. घटप्रभा मागे पडली, कुडचीजवळ कृष्णेच्या पुलावरून गाडी धडधडत गेली, तरी हवालदारांना झोप नव्हती. १९६७ साली याच मार्गाने ते रंगरूट म्हणून खडकीस गेले होते. खडकी म्हणजे बॉम्बे सॅपर्सचे ठाणे. आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी तिचे नाव 'सफरमैना पलटण' असे होते. पूल बांधावे, रस्ता करावा, आणि सैन्य पुढे सरकायचे तेव्हा सर्वांच्या आधी जाऊन शत्रूने पेरलेले सुरुंग काढावे, असे तिचे काम. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे याच पलटणीचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी मार्गावर जखमी असूनही त्यांनी रणगाड्यांसाठी सुरुंग व अडथळे दूर केले आणि परमवीरचक्र मिळविले. "आम्हांला पहिल्या दिवशी त्यांचीच गोष्ट सांगायचे," हवालदार म्हणाले.

मिरज गेल्यावर त्यांनी आपली गोष्ट सांगितली. १९७१ चा डिसेंबर, शकरगडची बाजू, रात्रीची वेळ. सुरुंगाच्या पट्ट्यात त्यांची पाळी होती. पण त्या दिवशी त्यांना ताप होता म्हणून तो सातारकर "तू पड, मी जातो" म्हणून पुढे झाला. पहाटे त्याचे जे मिळाले ते तिथेच अग्नीला दिले. हवालदारांनी एवढेच सांगितले आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. पुढे सातारा स्टेशन आले तेव्हा गाडी थांबेपर्यंत ते उभे राहिले होते.

सभा आटोपल्यावर अकरा नोव्हेंबरच्या सकाळी आम्ही दोघे खडकीच्या युद्ध-स्मशानभूमीत गेलो. येथे एक कबुली देणे भाग आहे. सेमिनरीत शिकत असताना आम्ही पुण्यात कित्येक वर्षे काढली. पेशव्यांची पर्वती पाहिली, सिंहगड चढलो. पण तासाभराच्या अंतरावरील या जागी कधी पाऊल टाकले नाही. हवालदारांना मात्र वाट तोंडपाठ होती. रंगरूट असताना रविवारी मिस्सा ऐकून परतताना ते इथून जात.

बाहेर वाहनांचा गोंगाट आणि आत पाऊल टाकताच हिरवळ, फुलझाडांचे वाफे व एकासारख्या एक शिळांच्या ओळी. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिक इथे विसावले आहेत. पश्चिम व मध्य हिंदुस्थानात ठिकठिकाणी पुरलेल्या, पुढे ज्यांची निगा राखणे कठीण होते अशा सैनिकांचे अवशेष इथे एकत्र आणले गेले. मुंबईच्या शिवडी येथील स्मशानभूमीतील ६२९ जणांना मार्च १९६२ मध्ये इथे आणून पुन्हा माती दिली. मध्यभागी उंच दगडी क्रूस असून त्यावर टोक खाली केलेली काशाची तलवार जडविलेली आहे. पहिल्या महायुद्धात या देशात वारलेल्या अठराशेंहून अधिक सैनिकांची नावे स्मारकावर कोरलेली आहेत. पूर्व व पश्चिम आफ्रिकेतील जवळजवळ दोनशे सैनिकांचेही स्मरण इथे केले आहे. आपल्या गावापासून किती समुद्र ओलांडून ती मुले इथवर आली असतील!

शिळांवरील वये वाचवत नाहीत. एकोणीस, वीस, बावीस. आमच्या तरुण मंडळातील मुलांची वये हीच. या कामासाठी १९१७ साली जो आयोग स्थापन झाला त्याने असा नियम घातला की, सेनापती असो वा शिपाई, शिळा एकाच मापाची असावी. नियम उत्तमच, पण तो सर्वत्र पाळला गेला नाही. स्वतः आयोगानेच २०२१ साली चौकशी करून कबूल केले की, पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या आफ्रिकी व आशियाई सैनिकांपैकी निदान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लक्षांपर्यंतही, नावे कोठेच लिहिली गेली नाहीत. पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात लढली. तीत १०३, ११० व ११७ या मराठ्यांच्या पलटणी होत्या, आणि कूत येथे महिनोन्‌महिने वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ रोजी त्यांना शरण जावे लागले. बसरा येथील स्मारकावर हिंदी अंमलदारांची नावे आली, पण साध्या हिंदी शिपायांची केवळ संख्या कोरली गेली.

याच्या उलट एक गोष्ट आम्ही हवालदारांना सांगितली. माणगावकडचा यशवंत घाडगे हा बावीस वर्षांचा नाईक १० जुलै १९४४ रोजी इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला व ते काबीज करून तिथेच पडला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. त्या खोऱ्यातील मोंतोने या गावाने २०२३ साली त्याच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली. एका जुन्या कॅथलिक गावाने कोकणातल्या हिंदू पोराचे नाव एकोणऐंशी वर्षांनी आपल्या दगडावर कोरले.

"त्यांनी फादरना विचारलं असेल का?" हवालदारांनी विचारले. थट्टा होती की प्रश्न, आम्हांस कळले नाही.

क्रूसाच्या पायरीवर आम्ही बसलो आणि त्यांना पेटीपाशी द्यावयाचे उत्तर तिथे दिले. मृतांसाठी प्रार्थना करण्याविषयी पवित्र शास्त्रातील जो उतारा आम्ही सेमिनरीत पाठ केला, तो मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील. आणि तो रणात पडलेल्या सैनिकांविषयीच आहे. यहूदा मक्काबी आपल्या मृत सैनिकांना उचलण्यास गेला, तेव्हा प्रत्येकाच्या अंगरख्याखाली परक्या देवतांचे ताईत सापडले. त्याने त्यांना टाकून दिले नाही. सर्वांनी प्रार्थना केली, आणि त्याने वर्गणी काढून दोन हजार रुप्याची नाणी त्यांच्या पापार्पणासाठी येरुशलेमला पाठविली. ख्रिस्तसभेची १९८३ ची धर्मसंहिताही ९०१ व्या कलमात स्पष्ट सांगते की, धर्मगुरू जिवंत वा मृत अशा कोणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दोन नोव्हेंबरला प्रत्येक धर्मगुरू तीन मिस्सा अर्पण करू शकतो, ही सवलत सर्व जगाला मिळाली ती १० ऑगस्ट १९१५ रोजी, पहिले महायुद्ध पेटलेले असताना. खंदकांत मरणाऱ्यांची संख्या पाहून पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ती दिली. (गोव्याकडील आमचे वाचक इथे हसतील, कारण पोर्तुगालच्या राज्यात ती १७४८ पासूनच होती.) तीनपैकी एक मिस्सा धर्मगुरूच्या इच्छेनुसार, एक सर्व मृत श्रद्धावंतांसाठी व एक पोपमहाशयांच्या हेतूसाठी असते. आम्ही दर वर्षी या तीन मिस्सा अर्पण करीत आलो. पण त्यामागे सैनिक उभे आहेत हे मात्र वेदीवर कधी मनात आणले नव्हते.

हवालदारांनी सर्व शांतपणे ऐकले. मग खिशातून जपमाळ काढली. संत मार्टिनचा तो सण होता. तोही मूळचा रोमन फौजेतला शिपाई, आणि १९१८ साली याच दिवशी पहिले महायुद्ध थांबले. पाचही रहस्ये म्हणून झाल्यावर ते उठले, आफ्रिकी सैनिकांच्या स्मारकापाशी गेले, ताठ उभे राहिले आणि त्यांनी सलाम केला. दूर माळी पाण्याची नळी घेऊन वाफे भिजवीत होता. तोही क्षणभर थांबला.

सोळा डिसेंबरला सकाळच्या मिस्सात आम्ही त्या सातारकराचे नाव मोठ्याने वाचले. त्या रविवारी प्रवचनातही खडकीची हकिगत सांगितली होती, तिचा परिणाम असा झाला की, नोव्हेंबर सरला असूनही पेटी उचलता आली नाही. चिठ्ठ्या येतच राहिल्या. गावातल्या हिंदू शेजाऱ्यांच्याही काही होत्या. नाताळच्या आदल्या दिवशी पेटी उघडली तेव्हा एक चिठ्ठी एका आजीबाईंची निघाली. नातीकडून लिहवून घेतलेली. तीत नाव नव्हते. "सासूबाईंचे वडील. बसऱ्यास गेले ते आले नाहीत. नाव घरात कोणालाच माहीत नाही," एवढाच मजकूर होता.

आम्ही तो तसाच वेदीवरून वाचला.