लाइन

आमच्या मायला इंग्रजीतला एकच शब्द येई. पण त्या एका शब्दावर ती सारा संसार चालवी. तो शब्द म्हणजे ‘लाइन’!

विहिरीवरच्या मोटारीसाठी रात्री दोनला वीज आली, की ती वडिलांना हाक मारी, “उठा, लाइन उनी!” चाळीसगावहून धुळ्याला 1900 साली आलेला आगगाडीचा फाटा आमच्या शेताजवळून जाई, तीही लाइनच. रॉकेलच्या दुकानापुढची रांग ही लाइन, पोलिसांची चाळ ही लाइन, आणि थोरल्या भावाला नोकरी लागली तेव्हा तिने गल्लीभर सांगितले, “पोऱ्या लाइनले लागना!”

मी धुळ्याला शिकायला गेलो. कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या त्या सरळ, नंबरवार गल्ल्यांत राहून मला वाटू लागले, की शब्दांनाही असेच नंबर असावेत. एका शब्दाला एकच अर्थ!

पुढे जळगावच्या वसतिगृहात माय मला भेटायला आली. जवसाच्या चटणीचा डबा पुढे ठेवून तिने विचारले, “आठे लाइन जास का रे?” मित्र हसले. मी शरमून म्हणालो, “माय, त्याला इलेक्ट्रिसिटी म्हणतात.”

ती काही बोलली नाही. मात्र त्यानंतर माझ्यादेखत तो शब्द तिने कधी उच्चारला नाही. दिवे गेले तर ‘ती गेली’ एवढेच म्हणे.

पुष्कळ वर्षांनी सहज म्हणून मी इंग्रजी शब्दकोश उघडला. ‘लाइन’चे अर्थ संपता संपेनात! कवितेची ओळ, घराण्याची परंपरा, माणसाचा धंदा, कोळ्याच्या गळाची दोरी... आणि मुळाशी लॅटिनमधला ‘लीनुम’, म्हणजे जवस! आपण जवस पिकवतो तो तेलाचटणीसाठी. युरोपात त्याच्या देठांतून सूत काढीत. ते सूत ताणून धरले, की सरळ रेघ, तीच लाइन. मायने एकाच शब्दाला किती अर्थ दिले म्हणून मी लाजलो होतो. इंग्रजांनी तरी दुसरे काय केले होते?

त्या दिवाळीला घरी गेल्यावर हे सारे मी तिला सांगितले. करंजी मुरडता मुरडता ती हसली, “मंग तो आपलाच शे ना रे!”

तेवढ्यात दिवे गेले. ओट्यावरच्या पणत्या तेवढ्या उरल्या. अंधारातून मायचा आवाज आला, “लाइन गयी वाटतं.”

इतका गोड शब्द मी त्या दिवाळीत दुसरा ऐकला नाही.