खैऱ्या

गेल्या पंधरवड्यात गावाहून पत्र आले की, आमच्या जुन्या घराच्या परसातले कागदी लिंबाचे झाड नव्या मालकाने खैऱ्याच्या सबबीवर समूळ तोडविले. आणि ते वाचल्यापासून मला सारखी आत्याच दिसते आहे, हातात लोखंडी सुरी धरून उन्हाकडे निरखून पाहणारी.

खैऱ्या हा जिवाणूंचा रोग पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पानोपानी फिरतो, नागअळीने कोवळ्या पालवीला केलेल्या जखमांतून त्याला आयता शिरकाव मिळतो, आणि मग पाने, डहाळ्या व फळांची साल यांवर खरबरीत, तपकिरी फोड उठतात. त्याचा बंदोबस्त आत्याने स्वतःकडे ठेवला होता. पावसाळ्यापूर्वी रोगट डहाळ्या छाटून ती जाळून टाकी. मग मोरचूद एका मातीच्या भांड्यात आणि तितकाच कळीचा चुना दुसऱ्यात भिजवून दोन्ही पाणी तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओती, आणि त्या आकाशी द्रवात सुरी बुडवी. पात्यावर तांबूस झाक चढली तर मोरचूद मोकळा राहिला, पालवी होरपळणार, असे समजून ती चुन्याची निवळी आणखी घाली. खातरजमा झाल्याखेरीज झाडाला थेंबही लागू देत नसे.

या बोर्डो मिश्रणाचे मूळ फ्रान्सातील मेदोक प्रांतात आहे. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडीत. केवडा रोगाने इतर वेलींची पाने गळाली असता तेवढ्या वेली हिरव्या राहिल्या, हे 1882 साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरले आणि 1885 साली कृती प्रसिद्ध केली. खैऱ्या मात्र आपल्याकडचा फार जुना रहिवासी: 1827 ते 1831 च्या दरम्यान हिंदुस्थानात गोळा केलेल्या महाळुंगाच्या, लंडनच्या क्यू उद्यानात जपलेल्या नमुन्यांवर त्याचे डाग आढळले आहेत.

आत्याला यातले काही ठाऊक नव्हते. तिला झाड ठाऊक होते, आणि डागाळलेली लिंबे ती लोणच्यासाठी बाजूला काढून उरलेली निःसंकोच शेजारी वाटी. जे झाड इतकी वर्षे डाग घेऊनही फळत राहिले त्यावर कुऱ्हाड चालविणे हा मला निव्वळ अन्याय वाटतो, आणि तो मी विसरणार नाही.

ज्यांच्या परसात असे लिंबू असेल त्यांनी कुऱ्हाडीआधी कात्री घ्यावी. दहा लिटर पाण्याला 100 ग्रॅम मोरचूद व 100 ग्रॅम चुना पुरतो. मिश्रण त्याच दिवशी संपवावे, आणि नवी पालवी फुटली की पुन्हा फवारावे. फोड सालीपुरते असतात. आतला रस चांगला असतो.