हा तुझा कितवा जन्म?

प्रिय हॉकमन,

स.न.वि.वि.

मायन्यातच अडखळलो. कार्टर हॉल लिहावं तर अर्धे वाचक म्हणणार, तो तर जुनी शस्त्रं जमवणारा अमेरिकन गृहस्थ. कटार होल लिहावं तर उरलेले म्हणणार, तो परग्रहावरचा पोलीस. शेवटी मुखवट्याचंच नाव घातलं. पंख, ससाण्याचं तोंड, उघडी छाती आणि हातात गदा, एवढ्यावर तरी आजवर कुणाचं दुमत झालेलं नाही.

तुझी सुरुवात किती सरळ होती! जानेवारी १९४०, फ्लॅश कॉमिक्सचा पहिला अंक, लेखक गार्डनर फॉक्स, चित्रं डेनिस नेव्हिलची. मित्राकडून काचेचा एक प्राचीन सुरा येतो, तो बघता बघता कार्टरला गतजन्म आठवतो. आपण इजिप्तचा राजपुत्र खुफू होतो, हाथ-सेट नावाच्या पुजाऱ्यानं आपल्याला मारलं, हे त्याला लख्ख दिसतं. मग त्याच गोष्टीत ती जुनी प्रेयसीही भेटते आणि तो पुजारी विजेची यंत्रं बनवणारा डॉक्टर हॅस्टर होऊन समोर येतो. वैरी आणि बायको दोघंही जन्मोजन्मी पाठीशी, हे जय-विजयांची कथा ऐकलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पुढे १९६१ मध्ये फॉक्सनंच, जो कुबर्टच्या चित्रांसह, तुला नव्यानं घडवलं. आता तू थॅनागार ग्रहावरचा पोलीस. रूप पालटणाऱ्या बिथ नावाच्या चोराचा माग काढत बायकोसह पृथ्वीवर आलेला, दिवसा मिडवे सिटीच्या संग्रहालयात नोकरी करणारा. जुना तू एका पृथ्वीवर, नवा दुसऱ्या पृथ्वीवर, अशी सोय तेव्हाच्या संपादकांनी केली होती. भांडण नाही, तंटा नाही.

मग १९८५-८६ मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’च्या बारा अंकांत सगळ्या पृथ्व्या एक करून टाकल्या. गंमत म्हणजे, तुझा घोटाळा त्यानं झाला नाही. दोन हॉकमन एकाच जगात, एक वडीलधारा आणि एक तरुण, हे कसंबसं चाललं असतं. घोटाळा केला तो एका उत्तम पुस्तकानं.

१९८९ चं टिमथी ट्रूमनचं ‘हॉकवर्ल्ड’ मी पुन्हा पुन्हा काढून वाचतो. त्यातलं थॅनागार दुसऱ्यांचे ग्रह जिंकून त्यांच्या जिवावर माजलेलं आहे. श्रीमंत उंच मनोऱ्यांत राहतात, जिंकून आणलेले लोक खाली घाणीत. कटार बड्या घरचा पोरगा; पंख लावून खालच्या वस्तीवर छापे घालतो, नशेच्या आहारी जातो, आणि बिथच्या डावात सापडून स्वतःच्या बापाला ठार करतो. शिक्षा म्हणून त्याला बेटावर टाकतात. सुपरहिरो होण्याआधी माणूस किती खाली जाऊ शकतो, हे त्या तीन भागांत जसं उतरलंय, तसं तुझ्याबद्दल आधी कुणी लिहिलं नव्हतं.

हे सगळं पूर्वी घडलेलं, असं धरून आम्ही वाचत होतो. १९९० मध्ये त्यावरून नियमित मालिका निघाली आणि तिनं कटारला पृथ्वीवर पहिल्यांदा उतरवलं ते थेट चालू वर्तमानात. म्हणजे आदल्या वर्षापर्यंत जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या संघाच्या बैठकांना बसत होता तो कोण? उत्तरं शोधणं आलं. सुरुवातीच्या लीगमध्ये म्हणे म्हातारा कार्टर होता, आणि नंतरचा? तो फेल अँडार नावाचा थॅनागारचा हेर, कार्टरचा मुलगा असल्याचं भासवणारा. तुझं चरित्र वाचायला घेतलं की सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदी चाळल्यासारखं होतं. जमीन तीच, मालक दर पानाला वेगळा.

१९९४ च्या ‘झीरो आवर’ या कथानकात तर कार्टर आणि कटार यांना कालवून एकच हॉकमन केला, वर ससाणा-देवतेचा अवतार ठरवलं. हे मला आजही पटत नाही. त्यानंतर तुझं नाव काढलं तरी संपादक हात जोडत. लेखक ग्रँट मॉरिसनला जस्टिस लीगसाठी पंखवाला हवा होता, तू मिळेना, तेव्हा त्यानं झॉरिएल नावाचा देवदूतच आणला. तुझ्यापेक्षा खरा देवदूत आणणं सोपं पडलं, यातच सगळं आलं.

२००१ मध्ये ‘जेएसए’ या मालिकेत तू कार्टर म्हणून परत आलास, पण माझ्या मते खरी सोडवणूक २०१८ ची. त्या वर्षीच्या मालिकेत रॉबर्ट व्हेंडिटीनं सांगितलं की पुनर्जन्म पृथ्वीवरच आणि काळाच्या ओळीनंच व्हायला हवेत असं कुठं आहे? तू थॅनागारवर जन्मलास, सुपरमॅनच्या क्रिप्टॉनवर जन्मलास. कटार हाही तुझाच एक जन्म. आणि हे फेरे का? तर पहिल्या जन्मी तू जग बुडवणाऱ्या फौजेचा सेनापती होतास. जितके मारलेस तितके वाचवून होईपर्यंत सुटका नाही. प्रारब्धाचा हिशेब इतका चोख की अमेरिकन कॉमिक वाचतोय हे विसरायला व्हावं. आणि किल्ली कुठली वापरली? १९४० च्या पहिल्या गोष्टीतलीच. अठ्ठ्याहत्तर वर्षं ती तिथंच पडून होती.

माझं भांडण गुंतागुंतीशी नाहीच. जुना अंक हुडकायचा, चौकटीच्या तळाशी तारा करून दिलेली संपादकाची टीप वाचायची, मग तो अंक हुडकायचा, यात मला मजा येते. राग येतो तो वाचलेलं रद्द करणाऱ्यांचा. व्हेंडिटीनं एकही हॉकमन रद्द केला नाही. फेल अँडारसारखे अपवाद सोडून दे; ते तसे कुणाला हवे होते?

२०२२ च्या ‘ब्लॅक ॲडम’ चित्रपटात ऑल्डिस हॉजनं तुला छान उभा केला, पण तिथं मागचा कुठलाच जन्म नव्हता. तेवढ्यानं ज्यांना तुझ्याबद्दल कुतूहल वाटलं, ते विचारतात, कुठून सुरुवात करू? मी आधी ‘हॉकवर्ल्ड’चे तीन भाग देतो, मग २०१८ ची मालिका. १९९४ बद्दल विचारलं तर विषय बदलतो.

तुझा,
एक जुना वाचक

ता.क. पुढचा लेखक नवं काही करायला निघाला, तर ट्रूमनच्या त्या तीन भागांना हात लावू देऊ नकोस. गदा आहेच तुझ्याकडे.