पुसण्याआधी

आमचा जुना संगणक पेडण्याच्या वन्संच्या लेकीला द्यायचं ठरलं. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना गोव्यातल्या अकरावीच्या मुलांना सायबरएज योजनेत संगणक मिळाले, त्यातलाच हा. दिराला मिळालेला, डिचोलीच्या घरात सगळ्यांनी वापरलेला. पुढे त्यात एक्सपी बसवलं होतं.

"फॉरमॅट करून टाक, झालं!" हे म्हणाले.

पण त्यात सासूबाईंनी सांगितलेल्या, मी टाइप केलेल्या पाककृती होत्या. कांदा-लसणाशिवायची आमटी, पर्युषणातले पदार्थ. सासूबाई आता नाहीत.

सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या नि निश्चिंत झाले. मशीन न्यायला वन्संचा मुलगा आला होता. तो म्हणाला, "मामी, दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून तर बघ."

उघडलं आणि धस्स झालं. आमटीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं! टायपिंग जुन्या मराठी फॉन्टात केलेलं. युनिकोड तेव्हा मला कुठं ठाऊक होतं? फाइली आल्या, फॉन्ट मागेच राहिला. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो उचलून नव्या मशीनवर बसवला, तेव्हा सासूबाई पुन्हा मराठीत बोलायला लागल्या. आधीच फॉरमॅट मारलं असतं तर?

मग दुसरी काळजी. यांचे बँकेचे कागदही त्यातच. भाच्यानं समजावलं, "क्विक फॉरमॅटनं पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं तशीच राहतात. एक्सपीत तर पूर्ण फॉरमॅटही डिस्क तपासतं, जुनं लिहिलेलं पुसत नाही." म्हणजे जे ठेवायचं ते हातचं जायला बसलेलं, आणि जे जायला हवं ते तिथंच!

त्यानं मशीन बंद करून प्लग काढला. आत दुसरी हार्ड डिस्क होती, तिची केबल सोडवली. चुकून तीच पुसायला नको. मग सीडीवरून मशीन चालू करून डिस्कभर शून्यं लिहिणारा प्रोग्राम लावला. ते संपल्यावर विंडोज नव्यानं बसवलं.

बायांनो, फॉरमॅटचं बटण दाबायला क्षण पुरतो. त्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुझं यात काय आहे? घेतलेली फाइल दुसरीकडे उघडून, वाचून बघा. मगच पुसा, आणि पुसाल तेव्हा नीट पुसा.

संगणकाबरोबर पाककृतींची प्रिंटही पेडण्याला पाठवली. वन्संचा फोन आला. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. त्यांच्या आईचीच तर आमटी ती.